न गेलेले एकेचाळीस मेल

माझ्या धंद्यात कमी बोलणारा संगणक म्हणजे चांगला संगणक. त्याने सकाळी सुरू व्हावं, संध्याकाळी बंद व्हावं आणि मधल्या वेळात कुणाला काही विचारू नये, याच हिशेबाने मी पंचवीसेक वर्षं काम केलं. रत्नागिरीत आणि आसपास दीडेकशे संगणक माझ्या देखभालीत होते. दवाखाने, काजूचे कारखाने, एक छापखाना, बंदरावरचे बर्फाचे कारखाने. 'वैशालीताईंनी हात लावलेला कॉम्प्युटर कुरकुरत नाय,' असं लोक एकमेकांना सांगत आणि ते माझ्या कानावर आलं की मला गुदगुल्या होत. त्या कौतुकापायी एका माणसाचा डोळा गेला. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली आणि आता लिहून झाल्यावरही ते माझ्याच्याने दुसऱ्यांदा वाचवत नाही.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी आधी अँटिव्हायरस म्हणजे काय ते सांगते. संगणकात शिरणाऱ्या उपद्रवी प्रोग्रामना अडवणारा तो एक राखणदार. राखणदार म्हटलं की आमच्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर गावाच्या वेशीवरचं, नारळाचा मान घेणारं दैवत उभं राहतं. पण हा नारळ मागत नाही, दरवर्षी नवं लायसन मागतो. त्याला कुणाची ओळखदेख नसते, तो फक्त वागणूक बघतो. एखादा अनोळखी प्रोग्राम, कुणीही बटण न दाबता, आपणहून बाहेर ईमेल पाठवायला लागला की तो त्याची मानगूट धरतो. कारण व्हायरसची ती जुनी खोड आहे. एका संगणकात शिरायचं आणि तिथून शंभर जणांना मेलने आपली पिल्लं वाटायची.

अडचण अशी, की आजकाल सरळमार्गी प्रोग्रामही हेच करतात. औषधांच्या फ्रिजचं तापमान वाढलं, टाकीतलं पाणी संपलं, जनरेटर बंद पडला, की कोपऱ्यातला संगणक आपणहून मालकाला मेल टाकतो. चोर आणि पोस्टमन दोघेही दार वाजवतात आणि राखणदाराला फक्त वाजवणं ऐकू येतं. म्हणून नवा अँटिव्हायरस बसवला की त्याच्या यादीत असल्या प्रोग्रामचं नाव घालायचं, की बाबा, हा आपला आहे, याला जाऊ दे. मग एक खोटा इशारा पाठवून मेल खरोखर पोचतो का ते बघायचं. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम. त्यात काही विद्वत्ता लागत नाही, फक्त न विसरणं लागतं.

आता माझी एक खास सवय सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मांडवीला एक निवृत्त कॅप्टन राहत. आयुष्य जहाजावर गेलेलं, त्यामुळे घरातही शिस्त बोटीची. संगणकाच्या पडद्यावर खालच्या उजव्या कोपऱ्यात अँटिव्हायरसची छोटी चौकट उघडते ना, 'आजचं अपडेट झालं', 'एक फाइल तपासली' असं सांगणारी, ती उघडली की हे गृहस्थ वहीत वेळ लिहीत, मजकूर लिहीत आणि मला फोन करत.

"वैशाली, दहा बावीसला पुन्हा चौकट आली. वारा वायव्येचा."

"काका, वाऱ्याचा काय संबंध?"

"नोंद ती नोंद."

दिवसाला चार फोन. आणि कॅप्टन निदान मजेशीर होते, बाकीचे नुसतेच घाबरट. दवाखान्यातली कंपाउंडर बाई चौकट दिसली की संगणकाचा प्लग उपटायची. शेवटी मी एक युक्ती काढली. अँटिव्हायरस बसवतानाच 'सूचना दाखवू नका' यावर खूण करून टाकायची. राखणदार आपलं काम करील, ज्याला अडवायचं त्याला अडवील, त्याच्या वहीत लिहून ठेवील, पण पडद्यावर येऊन बोंब मारणार नाही. सगळीकडे शांतता. माझा फोन गप्प, गिऱ्हाईक खूश. कॅप्टन तेवढे नाराज झाले. "बोटीवर अलार्म बंद करणाऱ्याला आम्ही पुढच्या बंदरावर उतरवत असू," म्हणाले. मी हसले आणि त्यांच्याही संगणकावर खूण केली.

सुर्वेशेठचा बर्फाचा कारखाना बंदराच्या रस्त्याला होता. तिथे बर्फाच्या लाद्या होतात, त्या फोडून बोटींवर चढवतात. पाणी गोठवायला अमोनिया वायू लागतो. नळ्यांमधून, कॉम्प्रेसरमधून तो फिरत असतो तोवर गुणी. बाहेर आला की डोळे जाळतो, छाती भाजतो. त्या कॉम्प्रेसरवर तीसेक वर्षं नाना नागवेकर होते. बुटका, काटक माणूस, डोक्याला कायम टॉवेल गुंडाळलेला. कुठला व्हॉल्व्ह किती आट्यांचा ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं, आणि गळती कुठे आहे ते म्हणे नाकाने कळायचं.

"ताई, ह्या नाकाला सर्टिफिकेट नाय, म्हणून किंमत नाय," ते मला म्हणायचे.

शेठने कॉम्प्रेसरच्या खोलीत अमोनिया हुंगणारी एक पेटी लावून घेतली तेव्हा नानांना ते अजिबात आवडलं नाही. त्या पेटीची तार ऑफिसातल्या संगणकाला जोडलेली. हवेत अमोनिया थोडा वाढला, की संगणकाने शेठना आणि कोल्हापूरच्या मेकॅनिकला मेल पाठवायचा. मेकॅनिकने येऊन सील किंवा नळी बदलायची. फारच वाढला तर भोंगा वाजायचा. पहिल्याच पायरीला भोंगा का नाही, तर एकदा तो असाच वाजला आणि अर्धी वाडी मुलंबाळं घेऊन रस्त्यावर आली. तेव्हापासून पहिली पायरी मेलची, दुसरी भोंग्याची.

नाना त्या पेटीला 'जावई' म्हणायचे. "बसून असतो आणि तक्रारी करतो," असं त्याचं कारण. आठवड्याला एकदा कॉम्प्रेसरमधलं जुनं तेल काढावं लागे, तेव्हा थोडा वायू बाहेर येई आणि जावई लगेच शेठना मेल टाकी. शेठ फोन करून नानांना विचारत. या कटकटीवर नानांनी उपाय काढला होता: तेल काढायच्या वेळी पेटीवर प्लास्टिकची पिशवी बांधायची, काम झालं की सोडायची. एकदा पिशवी सोडायला विसरले, ती दोन दिवस तशीच राहिली. शेठनी सगळ्या कामगारांदेखत त्यांना झापलं. नानांनी त्यानंतर पिशवीला हात लावला नाही, पण ती गोष्ट कारखान्यात सगळ्यांना पाठ झाली.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, बर्फाला गिऱ्हाईक नसतं. कारखान्याची सगळी डागडुजी त्या दोन महिन्यांत होते. त्या वर्षी जुन्या अँटिव्हायरसचं लायसन संपलं म्हणून मी दुसऱ्या कंपनीचा बसवायला गेले. सवयीने 'सूचना दाखवू नका' वर खूण केली. पेटीच्या प्रोग्रामचं नाव यादीत घालायचं राहिलं. खोटा इशारा पाठवून बघितलंच असतं तर ते तिथल्या तिथे कळलं असतं, पण पेटीची तार मेकॅनिकने साफसफाईसाठी काढून ठेवली होती. मी शेठना म्हटलं, "नारळी पौर्णिमेनंतर मशीन सुरू झालं की येते आणि मेल तपासून देते." त्यांनी मान डोलावली. मी वहीत लिहिलंसुद्धा. नारळी पौर्णिमा झाली, बोटी पाण्यात गेल्या, कारखाना धडधडायला लागला आणि मी गेले नाही. आजारी नव्हते, गावाला गेले नव्हते. माझी त्यावर काहीही सबब नाही.

गणपतीत शेठचा फोन आला. "ताई, यंदा एकसुद्धा मेल नाय, तेल काढतानाचासुद्धा नाय. नानान मशीन मस्त ठेवलान." मी म्हटलं, "छानच की." सांगायला आता लाज वाटते, पण त्या कौतुकातला थोडा वाटा मी मनातल्या मनात स्वतःकडे घेतला.

दसरा झाल्यावर चार-पाच दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास कॉम्प्रेसरचं सील फुटलं. मी तिथे नव्हते. जे झालं ते कामगारांकडून ऐकलेलं सांगते. भोंगा वाजला, माणसं बाहेर पळाली. लाद्या फोडायच्या जागी दोन बायका होत्या, त्यांना धुरात दार सापडेना. मुख्य व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय वायू थांबणार नव्हता. नानांनी डोक्याचा टॉवेल पाण्यात बुचकळला, तोंडाला लावला आणि सगळे बाहेर येत असताना ते आत गेले. दाराशी वायूपासून बचावाचा मुखवटा टांगलेला होता, तो काढायलाही थांबले नाहीत. व्हॉल्व्ह बंद झाला, बायका बाहेर आल्या, शेवटी नाना आपल्या पायांनी बाहेर आले आणि लाद्यांच्या शेजारी पडले. लोकांनी पाइप लावून त्यांच्या डोळ्यांवर पाणी सोडलं. तिथून त्यांना इस्पितळात नेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेठनी मला बोलावून घेतलं. ऑफिसात गेले तर त्यांचा चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. त्यांनी पेटीच्या प्रोग्राममधला आलेख पडद्यावर उघडून ठेवला होता.

"ताई, ही रेघ बघा. सात आठवडे वर वर चाललीय. म्हणजे सील तेव्हापासून गळत होतं. आणि मला एक मेल नाही, मेकॅनिकला एक मेल नाही. कारखान्याचा इन्स्पेक्टर येणार आहे. मेल कुणी बंद केला ते मला लेखी हवंय."

"कुणी म्हणजे?"

"आता कुणी म्हणजे काय? तुम्हाला पिशवी ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक होती. खरं सांगायचं तर घरून निघतानाच माझ्याही मनात नानांचंच नाव होतं. मी नानांना पकडायला त्या खुर्चीत बसले. जरा रागातच बसले, की एवढा अनुभवी माणूस, आणि हा पोरकटपणा.

आधी प्रोग्राममधली मेलची जागा उघडली. मेल चालू होता. शेठचा पत्ता बरोबर, मेकॅनिकचा पत्ता बरोबर. कुणी काही बदललेलं नव्हतं. मग मेल गेला का नाही? मी अँटिव्हायरस उघडला आणि त्याच्या इतिहासात गेले. राखणदाराची वही.

पडदा ओळींनी भरून गेला. पहिली ओळ नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यातली, शेवटची अपघाताच्या सकाळची, भोंगा वाजायच्या वीस मिनिटं आधीची. सगळ्या ओळी एकसारख्या: अनोळखी प्रोग्रामचा आपणहून मेल पाठवण्याचा प्रयत्न, अडवला, वापरणाऱ्याला सूचना दाखवली नाही. मी मोजल्या. एकेचाळीस. पुन्हा मोजल्या, कारण तेवढा वेळ तरी शेठकडे बघावं लागणार नव्हतं.

सूचना दाखवली नाही, ही माझी खूण होती. मला धक्क्याची सवय आहे असं मी समजत होते. वीज पडून जळलेले संगणक, दहा वर्षांचं काम पुसून बसलेली गिऱ्हाइकं, सगळं बघितलं होतं. पण त्या सगळ्या वेळी मी मदतीला आलेली बाई होते. या वेळी ज्याला शोधायला बोलावलं होतं तो माणूस मीच निघाले. त्या यंत्राने सात आठवडे जमेल तसं सांगितलं होतं आणि दर खेपेला मी नेमलेल्या राखणदाराने त्याचं तोंड दाबलं होतं.

त्या यादीच्या खाली एक बटण असतं: 'इतिहास पुसा'. एकदा दाबलं की काही उरत नाही. शेठ तेवढ्यात फोनवर बोलायला बाहेर गेले होते. बाण त्या बटणावर नेला मी. किती वेळ ठेवला सांगता येत नाही. बटण दाबलं नाही, पण बाण तिथे नेला होता हेही खरं आहे आणि ते लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

मी यादीची प्रत माझ्या पेनड्राइव्हवर घेतली. मग प्रोग्रामचं नाव अँटिव्हायरसच्या यादीत घातलं आणि एक खोटा इशारा पाठवला. दारात उभ्या असलेल्या शेठच्या खिशात फोन टिंग वाजला. एवढंच, एक टिंग. शेठनी फोन काढून बघितला.

"काय ओ, हा मेल आला की आता!"

"टेस्ट आहे," मी म्हटलं.

"सापडलं काय मग? त्यानंच केलान ना?"

तेव्हा 'नाही, मी' हे दोन शब्द बोलायचे होते. माझ्या तोंडून निघालं, "घरी जाऊन नीट बघावं लागेल." शेठनी हात जोडल्यासारखं केलं आणि मला चहा विचारला. मी चहा न घेता निघाले.

तो दिवस मी घरात बसून काढला. प्रिंट काढल्या, क्रमाने लावल्या, पुन्हा लावल्या. काय बोलायचं ते आरशासमोर बोलून बघितलं. मनाला समजावत होते, की एका दिवसाने काय बिघडणार आहे, नाना काही कुठे जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यात गेले, प्रिंट शेठच्या टेबलावर ठेवल्या आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. माझा अँटिव्हायरस, माझी खूण, मी तपासायला आले नाही. नानांचा काही संबंध नाही.

शेठनी चष्मा लावून सगळे कागद पाहिले. मग चष्मा काढला.

"काल का नाही बोललात?"

मी टेबलावरचे कागद पुन्हा क्रमाने लावायला लागले.

"ताई, मी काल संध्याकाळी इस्पितळात गेलो होतो. नानाला सगळं विचारलं. त्यानं कबूल केलंन. कागदावर सहीसुद्धा केलीन."

"कसली सही?"

"मेल आपल्या हातून बंद झाला म्हणून. बोलला, मालक, तुम्ही बोलताय म्हणजे मीच कायतरी दाबला असणार."

इतका वेळ मला वाटत होतं की सगळ्यात वाईट जे बघायचं ते मी काल पडद्यावर बघितलं. न केलेल्या गोष्टीची कबुली त्या माणसाने दिली होती, डोळ्यांवर पट्ट्या असताना, समोर कागदावर काय लिहिलंय ते न बघता.

शेठ वाईट माणूस नव्हे, हे मला सांगितलंच पाहिजे. ते घाबरले होते. पुढे ते जे बोलले ते माझ्या भल्यासाठीच बोलले आणि म्हणूनच अजून अंगावर काटा येतो.

"आता राहू दे ना ताई. नानाला मी कामावरून काढणार नाही, शब्द देतो. इन्स्पेक्टरला एक नाव लागतं, ते मिळालंय. त्यात तुमचं कशाला? तुमचा धंदा बसेल. शहरात कोण बोलावील तुम्हाला?"

दोन दिवसांत दुसऱ्यांदा माझ्यासमोर सोपं दार उघडं झालं होतं. मी त्यांच्याकडे कोरा कागद मागितला आणि तिथेच हाताने सगळं लिहून सही करून दिलं. फुशारकी म्हणून हे सांगत नाही. आदल्या दिवशी हेच केलं असतं तर नानांना सही करावी लागली नसती, आणि हे मला लिहितानाच कळत होतं.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगून टाकते. इन्स्पेक्टरने माझा कागद घेतला, नानांचा बाजूला झाला. शेठ म्हणाले ते खरं ठरलं. एका महिन्यात पंधरा-सोळा गिऱ्हाइकांनी काम काढून घेऊन मला लांबूनच नमस्कार केला, शेठ त्यांत पहिले. जी राहिली त्यांच्याकडे मी एकेक करून गेले आणि 'सूचना दाखवू नका' ही खूण सगळीकडची काढली. जिथे जिथे आपणहून मेल पाठवणारा प्रोग्राम होता तिथे दर सोमवारी सकाळी दहाला एक साधा मेल मला यायची सोय केली, 'सर्व ठीक' एवढाच. तो नाही आला तर मी फोन करायचा. पूर्वी मेल न येणं म्हणजे सगळं ठीक असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, मालक, मेकॅनिक आणि मी. यंत्र ठीक आहे की त्याचं तोंड बांधलंय, हे त्या शांततेवरून कळायला मार्गच नव्हता. मला हे धंद्याच्या पहिल्या वर्षी सुचायला हवं होतं. गेल्या वर्षी मी काम थांबवलं. नाना घरी आहेत. डाव्या डोळ्याने दिसतं, उजव्याने फक्त उजेड आहे की अंधार तेवढं कळतं. मेकॅनिकने मला नंतर सांगितलं, की रोज थोडा थोडा अमोनिया हुंगणाऱ्याचं नाक त्याला सरावतं आणि मग वास येईनासा होतो. नानांना ते मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

पण त्या दिवशी शेठच्या ऑफिसातून मी सरळ इस्पितळात गेले, ते सांगायचं राहिलंय.

दहा-बारा खाटांचा वॉर्ड. नाना खिडकीजवळच्या खाटेवर, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, आवाज बसलेला. शेजारी स्टुलावर वहिनी, नानांची बायको. मला बघून त्या उठल्या.

"नाना, मी वैशाली. कॉम्प्युटरवाली."

"ताईंना बसायला दे गो," नाना म्हणाले आणि मी काही बोलायच्या आतच सुरू झाले. "ताई, काय दाबला ता मला आठवत नाय बघा. हापिसात पंखा लावायला जातो ना मी, तवा लागला असेल हात. मुद्दाम नाय केला ओ. पिशवीची गोष्ट येगली, ती मी केली, मी नाय म्हणत नाय. पण ह्या मुद्दाम नाय केला."

त्यांनी स्वतःविरुद्ध पुरावा शोधून ठेवला होता. पंख्याचं बटण त्या संगणकापासून चार हात लांब होतं.

"नाना, तुम्ही काही दाबलं नाही," मी म्हटलं. आरशासमोर बोललेलं सगळं विसरले. "पेटी बरोबर चालत होती. एकेचाळीस वेळा तिने मेल पाठवला. मी बसवलेल्या प्रोग्रामने तो अडवला. मी तपासायला येणार होते, आले नाही. हे सगळं माझ्या हातून झालंय."

मी शिव्यांची वाट बघत होते. खरं तर मला त्या हव्या होत्या.

"म्हंजे मी नाय केला?"

"नाही."

"नक्की काय?"

"नक्की. कागदावर लिहून देऊन आलेय."

"परत बोला," नाना म्हणाले. "जरा मोठ्यान बोला. काल शेठ मोठ्यान बोलले, सगल्या वार्डान ऐकलान."

मी उभी राहिले. समोरच्या खाटेवरच्या माणसाने मोबाइलवरचं गाणं बंद केलं. मी सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की नाना नागवेकरांनी काहीही केलेलं नाही, चूक माझी आहे. माझा आवाज मध्येच चिरकला म्हणून ते वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हटलं.

"ऐकलास?" नानांनी वहिनींना विचारलं.

"ऐकला," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुमाला कधी कळला हा?"

"काल सकाळी."

"काल सकाळी," त्या म्हणाल्या. "शेठ संध्याकाळी आले. ते गेल्यावर मी ह्यांना नको नको ता बोलली. चाळीस वर्षांत बोलली नाय तेवढा बोलली. तुमच्या हातान दोन बाया मेल्या असत्या, असा पण बोलली. आणि हे नुसते ऐकत रायले, हो हो करत."

नाना चादरीवरून चाचपडत त्यांचा हात शोधत होते. तो त्यांना सापडेपर्यंत वहिनी माझ्याकडेच बघत होत्या.